सामुदायिक मत्स्यालयातील माशांची आक्रमकता

एकाच टाकीत दोन किंवा अधिक जातींचे मासे एकत्र पाळले जातात, अशा टाकीला सामुदायिक मत्स्यालय म्हणतात. अशा मत्स्यालयात एका माशाने दुसऱ्याचा पाठलाग करणे, त्याला धडक देणे, त्याचे पर किंवा खवले कुरतडणे, त्याला अन्नापासून दूर ठेवणे किंवा त्याला जखमी करणे, या वर्तनाला माशांची आक्रमकता असे म्हटले जाते. आक्रमकता ही माशांची विकृती नसून बहुतेक जातींच्या नैसर्गिक वर्तनाचा भाग आहे. नदीत किंवा तळ्यात हरलेला मासा दूर निघून जातो आणि संघर्ष तेथेच संपतो. काचेच्या टाकीत मात्र पळून जाण्यास जागा नसते. त्यामुळे निसर्गात काही क्षणांत मिटणारी झटापट टाकीत दिवसेंदिवस चालू राहते आणि दुर्बळ माशाच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकते.

घरगुती मत्स्यालयांतील माशांच्या मृत्यूंमागे दूषित पाणी आणि रोग यांप्रमाणेच आक्रमकता हेही एक कारण असते. मात्र ती अनेकदा लक्षात येत नाही, कारण सतत दबावाखाली राहिलेला मासा प्रथम खाणे सोडतो, नंतर आजारी पडतो आणि शेवटी रोगानेच मेला असे वाटते.

अभ्यासाची पार्श्वभूमी

प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासात माशांना विशेष स्थान आहे. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी काटेरी स्टिकलबॅक या लहान माशावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. विणीच्या हंगामात या जातीच्या नराचे पोट लाल होते आणि तो आपल्या हद्दीत आलेल्या दुसऱ्या नरावर हल्ला करतो. टिनबर्गन यांनी माशाशी फारसे साम्य नसलेले, पण खालची बाजू लाल रंगवलेले नमुने पाण्यात सोडले, तेव्हा नरांनी त्यांच्यावरही हल्ला केला. हुबेहूब माशासारख्या, परंतु लाल रंग नसलेल्या नमुन्याला मात्र तितका प्रतिसाद मिळाला नाही. यावरून विशिष्ट रंग किंवा आकार हाच हल्ल्याचा संकेत ठरतो, हे स्पष्ट झाले. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील ग्रंथात प्रवाळभित्तीवरील माशांच्या निरीक्षणांचा आधार घेतला. टिनबर्गन, लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या अभ्यासातून मत्स्यपालकांना उपयोगी पडणारे एक निरीक्षण पुढे आले. मासा सामान्यतः आपल्यासारखा रंग, आकार व ठेवण असलेल्या माशाला प्रतिस्पर्धी समजतो. म्हणून एकाच जातीचे किंवा एकमेकांसारखे दिसणारे दोन नर लहान टाकीत ठेवणे हे अगदी भिन्न दिसणारे दोन मासे ठेवण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते.

आक्रमकतेची कारणे

हद्दीचे रक्षण : अन्न, आडोसा किंवा अंडी घालण्याची जागा मर्यादित असेल, तर मासा ती आपल्या ताब्यात ठेवतो. हद्द राखण्यासाठी लागणारी शक्ती ही तिच्यापासून मिळणाऱ्या लाभापेक्षा कमी असेल, तोपर्यंतच प्राणी हद्द राखतो, असा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ जेरम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मांडला. एखादा आडोसा एका माशाला सहज राखता येत असेल तर भांडण होते. आडोसे अनेक आणि विखुरलेले असतील तर ते सर्व राखणे परवडत नाही आणि भांडण कमी होते.

श्रेणीक्रम : गटात राहणाऱ्या माशांमध्ये बलवान आणि दुर्बळ असा क्रम ठरतो. तो ठरेपर्यंत झटापटी होतात आणि ठरल्यावर त्या बहुधा इशाऱ्यांपुरत्या उरतात. नवा मासा आला, एखादा मासा काढला किंवा मेला, की हा क्रम पुन्हा ठरतो. एकदा जिंकलेला मासा पुढची झुंज जिंकण्याची आणि हरलेला पुन्हा हरण्याची शक्यता अधिक असते. टाकीत आधीपासून राहणाऱ्या माशाचे पारडेही नव्याने आलेल्या माशापेक्षा जड असते.

प्रजनन : सिक्लिड कुलातील अनेक जाती अंड्यांचे व पिलांचे रक्षण करतात. एरवी शांत असणारी एंजलफिशची जोडी अंडी घातल्यानंतर टाकीचा मोठा भाग इतर माशांना बंद करते. गुरामी आणि फायटर यांचे नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे करतात आणि त्याच्या आसपास कोणाला फिरकू देत नाहीत.

अन्न : अन्न एकाच कोपऱ्यात व थोडे पडत असेल, तर बलवान मासा तो कोपरा अडवून बसतो.

अपुरा कळप : टेट्रा, बार्ब, डॅनियो यांसारखे मासे थव्याने राहणारे आहेत. थवा पुरेसा मोठा असेल तर त्यांची आपसातील चुरस थव्यातच जिरते. दोन-तीनच मासे ठेवले, तर ते भेदरून लपतात किंवा दुसऱ्या जातीच्या माशांचे पर कुरतडू लागतात.

शिकार : मोठ्या माशाने तोंडात मावणारा लहान मासा गिळणे ही काटेकोर अर्थाने आक्रमकता नव्हे, ते अन्नग्रहण होय. हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. आक्रमकता जागा आणि रचना बदलून कमी करता येते. शिकारी प्रवृत्ती मात्र कोणत्याही उपायाने जात नाही. अशा माशांना वेगळे ठेवणे हाच मार्ग उरतो.

लक्षणे

आक्रमक मासा प्रथम इशारा देतो. पर पूर्ण उभारणे, कल्ल्यांची झाकणे फुलवणे, अंगाची बाजू दाखवत प्रतिस्पर्ध्याजवळून फिरणे, शेपटीने पाण्याचा झोत मारणे हे इशाऱ्याचे प्रकार आहेत. इशाऱ्याने प्रश्न सुटला नाही, तर धडक, चावा किंवा एकमेकांची तोंडे पकडून ढकलाढकली होते.

दबलेल्या माशाची लक्षणे अधिक काळजीपूर्वक पाहावी लागतात. त्याचा रंग फिका होतो किंवा अंगावर गडद पट्टे उमटतात, पर अंगाला चिकटलेले राहतात आणि तो फिल्टरच्या मागे, एखाद्या कोपऱ्यात किंवा पृष्ठभागालगत निश्चल राहतो. अन्न टाकल्यावरही तो पुढे येत नाही. परांच्या कडा फाटलेल्या व खवले निघालेले दिसतात. दीर्घकाळ ताण राहिल्यास शरीरात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले राहते, त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती घटते आणि पांढरे ठिपके किंवा बुरशी यांचा प्रादुर्भाव सहज होतो. टाकीतील एकच मासा वारंवार आजारी पडत असेल, तर औषधापूर्वी त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहणे आवश्यक ठरते.

बाजारात मिळणाऱ्या जातींचे स्वभाव

फायटर : मूळचा थायलंड व आसपासच्या प्रदेशातील मासा. दोन नर एकत्र ठेवल्यास गंभीर जखमा होईपर्यंत लढतात. आरशातील प्रतिमेलाही नर कल्ले फुलवून इशारा देतो. लांब परांमुळे तो स्वतः बार्बच्या कुरतडण्याला बळी पडतो.

टायगर बार्ब : आठ-दहाच्या गटात पुष्कळ अंशी निरुपद्रवी, दोन-तीन असताना एंजलफिश, गुरामी व फायटर यांचे लांब पर कुरतडणारा.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल : पिलांना जन्म देणारे मासे. नर मादीचा अखंड पाठलाग करतात. एका नरामागे किमान दोन-तीन माद्या ठेवल्यास एकाच मादीवर ताण पडत नाही. स्वोर्डटेलचे नर आपसात श्रेणीसाठी झगडतात.

एंजलफिश : वाढल्यावर निऑन टेट्रासारखे लहान मासे गिळू शकतो.

रेडटेल शार्क : नावात शार्क असले तरी हा गोड्या पाण्यातील, कार्प कुलातील मासा आहे. स्वजातीयाला व सारख्या दिसणाऱ्या माशांना हद्दीत येऊ देत नाही. म्हणून टाकीत एकच ठेवला जातो.

ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न : मोठे होणारे सिक्लिड. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात न आढळणारा, संकरातून तयार केलेला मासा असून भाग्यदायक मानला जात असल्याने त्याला मागणी असते. सामुदायिक टाकीसाठी दोन्ही अयोग्य आहेत.

सकरमासा : काचेवरील शेवाळ खाण्यासाठी आणला जातो, परंतु वाढल्यावर गोल्डफिशसारख्या संथ माशांच्या अंगावरील चिकट थर ओरबाडून खाऊ शकतो.

गोल्डफिश : आक्रमक नसतो, पण थंड पाण्यातील व संथ असल्यामुळे उष्ण कटिबंधातील चपळ माशांच्या टाकीत तो सतत मागे पडतो.

सातारा व सांगली परिसरातील परिस्थिती

माशांचे वर्तन पाण्याच्या गुणांवर अवलंबून असते आणि या दोन जिल्ह्यांत पाण्याची तफावत मोठी आहे. पश्चिमेस महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळा हा सह्याद्रीलगतचा भरपूर पावसाचा भाग आहे. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे अवर्षणप्रवण तालुके आहेत. पश्चिमेकडील झऱ्यांचे व पावसाचे पाणी क्षारांनी कमी, म्हणजे मृदू असते. पूर्वेकडील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. गप्पी, मॉली, स्वोर्डटेल हे मासे जड पाण्यात चांगले वाढतात. निऑन टेट्रासारखे मृदू पाण्यातील मासे त्यात निस्तेज होतात आणि निस्तेज मासा हाच टाकीतील इतरांचे पहिले लक्ष्य ठरतो. त्यामुळे परस्परांशी जुळणाऱ्या जाती निवडण्याआधी घरच्या पाण्याशी जुळणाऱ्या जाती निवडणे श्रेयस्कर ठरते.

उन्हाळ्यात सांगली, मिरज व पूर्वेकडील तालुक्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. मासे शीतरक्ती असल्याने पाणी तापले की त्यांची चयापचय क्रिया वेगाने चालते, भूक व हालचाल वाढते आणि अनेक जातींची चढाईही वाढते. त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू घटतो : समुद्रसपाटीला २० अंश तापमानाचे पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. प्राणवायूची गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा स्थितीत दबलेला मासा सर्वांत आधी दगावतो. भारनियमनात पंप बंद पडल्यास हा धोका अधिक वाढतो; त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप उपयोगी पडतो. टाकी उन्हापासून दूर ठेवणे, झाकण अर्धवट उघडे ठेवणे, पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ देणे आणि अन्न थोडे कमी करणे हे उन्हाळ्यातील साधे उपाय आहेत.

नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन असते. ते माशांच्या कल्ल्यांना इजा करते. पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरीन काढले जाते.

सजावटीसाठी या भागात काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट, सहज मिळतो. तो पाण्यात विरघळत नसल्याने सुरक्षित असतो. दगडातील पोकळ्यांत मात्र पांढऱ्या खनिजांच्या गाठी असतात. त्यांपैकी कॅल्साइट पाण्याचा जडपणा वाढवते. गाठीवर व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे आले, तर तो दगड टाळला जातो.

स्थानिक मासे

कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी व वारणा या नद्यांत माशांची समृद्ध विविधता आहे. दख्खनमधील माशांचे पहिले पद्धतशीर वर्णन विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध केले. अलीकडे, २०१२ मध्ये, सातारा जिल्ह्यातील कृष्णा नदीतून बॅलिटोरा लॅटिकॉडा ही छोटी प्रवाही पाण्यातील जात नव्याने नोंदवली गेली.

नदीतील मासे हौसेने टाकीत आणले जातात, तेव्हा स्वभावाचा अंदाज चुकण्याची शक्यता असते. मरळ हा शिकारी मासा आहे; बोटाएवढे पिल्लू शांत दिसले तरी वाढल्यावर ते टाकीतील इतर मासे संपवते. शिंगाडा कुलातील मासे रात्री हिंडतात आणि झोपलेल्या लहान माशांना खातात. काचेसारखा पारदर्शक चंदा नामा हा निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तो इतर माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या मोजक्या गोड्या पाण्यातील माशांपैकी एक आहे. चिलापी या नावाने ओळखला जाणारा मोझांबिक तिलापिया स्थानिक नसून १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याचा नर तळाशी खड्डा करून तो राखतो, तर मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. कोयना अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रांतून मासे पकडण्यास मनाई आहे.

प्रतिबंधक उपाय

टाकीचा आकार : दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते, वाळू व दगड घातल्यावर ते आणखी कमी होते. तीन फूट लांब, एक फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे १२७ लिटर मावते. हद्द राखणाऱ्या माशांसाठी उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते. मिडास सिक्लिड या माशावर अमेरिकेत झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टाकीच्या आकारात थोडी वाढ केल्याने आक्रमकता कमी झाली नाही. पुष्कळ मोठ्या व आडोशांनी युक्त जागेत मात्र ती घटलेली आढळली.

दृष्टीआड करणारी रचना : हल्ला करणाऱ्याला प्रतिस्पर्धी सतत दिसत राहिला, तर पाठलाग थांबत नाही. दगड, लाकडाचे ओंडके, व्हॅलिसनेरियासारख्या उंच वनस्पती, नारळाची करवंटी, आडवी ठेवलेली मातीची कुंडी यांनी टाकीचे भाग पाडले जातात. आडोशांची संख्या हद्द राखणाऱ्या माशांपेक्षा अधिक असावी लागते. प्रत्येक आडोशाला दोन वाटा असल्यास आत शिरलेला मासा कोंडला जात नाही.

पाण्याचे थर : काही मासे पृष्ठभागाजवळ, काही मध्यभागी आणि काही तळाशी वावरतात. तिन्ही थरांतील जाती निवडल्यास त्यांची गाठ कमी पडते.

क्रम : शांत मासे आधी आणि हद्द राखणारे मासे शेवटी सोडले जातात. नव्या टाकीत उपयुक्त जिवाणूंची वाढ होऊन अमोनियाचे नायट्राइटमध्ये व त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर सुरू होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे भरल्यास विषारी अमोनियामुळे सर्वच मासे अस्वस्थ व दुर्बळ होतात.

अन्नदान : अन्न एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी टाकले जाते; तळाशी राहणाऱ्या माशांना बुडणारे अन्न दिले जाते.

संघर्ष सुरू झाल्यावरचे उपाय

प्रथम कोण कोणावर, कोठे आणि कोणत्या वेळी हल्ला करतो, याचे निरीक्षण केले जाते. हल्ला केवळ एका कोपऱ्यात होत असेल तर प्रश्न हद्दीचा, अन्नाच्या वेळी होत असेल तर अन्नाचा आणि नुकताच सुरू झाला असेल तर प्रजननाचा असण्याची शक्यता अधिक असते.

हद्दीच्या भांडणात दगड व वनस्पतींची मांडणी बदलली जाते. मांडणी बदलली की जुन्या खुणा नाहीशा होतात आणि सर्व माशांना नव्याने जागा शोधावी लागते. नवा मासा सोडतानाही हाच उपाय केला जातो. त्या दिवशी दिवा बंद ठेवून आधीच्या माशांना थोडे अन्न दिल्यास नवागतावरील रोख कमी होतो.

एवढ्याने न भागल्यास हल्लेखोर माशाला जाळीच्या पेटीत किंवा दुसऱ्या टाकीत काही दिवस ठेवले जाते. सर्वसाधारण समज याच्या उलट असतो आणि जखमी मासाच हलवला जातो. जखमा गंभीर असतील तर त्याला उपचारासाठी हलवणे आवश्यकच असते. पण केवळ त्याला काढल्याने हल्लेखोर दुसरा बळी निवडतो. हल्लेखोर दूर असताना उरलेल्या माशांचा क्रम नव्याने ठरतो आणि परतल्यावर तो नवागत ठरतो. तरीही हल्ले सुरूच राहिले, तर तो मासा त्या टाकीसाठी अयोग्य मानून कायमचा वेगळा ठेवणे किंवा दुकानदारास अथवा दुसऱ्या पालकास देणे एवढाच पर्याय राहतो.

जखमी माशाला स्वच्छ, हवा खेळणाऱ्या, मंद प्रकाशाच्या वेगळ्या टाकीत ठेवतात. पाणी शुद्ध असेल तर फाटलेले पर बहुधा पुन्हा वाढतात; पराचे मूळ नष्ट झाले असेल तर तो पूर्ववत होत नाही. बुरशी रोखण्यासाठी मेथिलीन ब्लू वापरले जाते. मात्र ते फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना अपाय करीत असल्याने मुख्य टाकीत घालणे टाळले जाते.

नदीत मासे सोडण्याचा धोका

टाकीत न सामावणारा आक्रमक मासा नदीत, विहिरीत किंवा तळ्यात सोडून देणे हा दयेचा मार्ग वाटतो; परिणाम मात्र उलटे होतात. टाकीतील मासा नदीत तग धरू शकला नाही तर तो मरतो आणि तग धरून राहिला तर स्थानिक माशांचे अन्न, जागा व अंडी यांवर आक्रमण करतो. जी चिवट व चढाईखोर वृत्ती त्याला टाकीत नकोसा करते, तीच त्याला नदीत यशस्वी करते. सकरमासा अशाच रीतीने भारतातील अनेक जलाशयांत पसरला आहे. मच्छीमारांच्या जाळ्यांचे त्यापासून नुकसान होते आणि त्याला खाद्य म्हणून विशेष मागणीही नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य यंत्रणेमार्फत साठवणीच्या पाण्यात सोडले जाणारे गप्पी मासेही परदेशीच आहेत. म्हणून ते बंदिस्त पाण्यापुरते राहणे महत्त्वाचे असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय जातींचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे.

कृष्णाकाठी हा धोका पुरामुळे आणखी वाढतो. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर पोहोचली होती. पुराचे पाणी घरात शिरल्यास तळमजल्यावरील टाकीतील परदेशी मासे कोणी न सोडताही नदीत जाऊ शकतात. त्यामुळे पूररेषेतील घरांत टाकी वरच्या मजल्यावर ठेवणे किंवा इशारा मिळताच मासे झाकणाच्या पिंपात हलवणे हे माशांच्या आणि नदीच्याही हिताचे ठरते.